ॲल्युमिनियमचे परवडणारे कॅबिनेट : पत्रा, भोके आणि आटे

घरी जुळवायच्या संगणकासाठी दहा हजार रुपयांच्या आत मिळणारे ॲल्युमिनियमचे कॅबिनेट घ्यावे की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा दिसण्यापासून सुरू होतो आणि दिसण्यापाशीच संपतो, कारण चंदेरी, तुकतुकीत पत्र्याचा तो डबा टेबलावर ठेवला की खोलीला शोभा येते यात शंका नाही. आमच्या घरी मात्र निमित्त वेगळे होते. बहिणीचा मुलगा पुण्याला शिकायला आहे, त्याला सुट्टीत संगणक इंदूरला आणायचा असतो आणि सुट्टी संपली की रात्रीच्या बसने परत न्यायचा असतो, त्यामुळे वजन आणि आकार या दोन गोष्टींना आमच्या यादीत दिव्यांपेक्षा आणि काचेपेक्षा वरचे स्थान होते. मायक्रो एटीएक्स (लहान प्रमाण मापाचा) मदरबोर्ड, नेहमीच्या मापाचा एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, दोन पंख्यांचे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर थंड ठेवणारा उभा कूलर एवढे सामान मावेल असे, सुमारे तीस लिटर आकारमानाचे, चिनी बनावटीचे कॅबिनेट शेवटी घेतले. त्याचेच हे परीक्षण आहे. त्याचे नाव देत नाही, आणि त्याला एक व्यावहारिक कारणही आहे: तोच सांगाडा, तीच भोके आणि तेच पाय असलेले कॅबिनेट वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत विकले जाताना दिसते, तेव्हा नावापेक्षा वस्तू कशी पारखायची हे सांगणे अधिक उपयोगाचे.

इंदुरात संगणकाचे सुटे भाग घ्यायचे म्हणजे पाय आपोआप आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलकडे वळतात. तिथे एका बाजूला काच आणि आत रंगीत दिवे अशा पोलादी कॅबिनेटांची चळत प्रत्येक दुकानाबाहेर लागलेली असते, कारण खप त्यांचाच आहे. ॲल्युमिनियमचे मागितले तर बहुधा वरच्या फळीवरून एखादे खोके खाली काढले जाते. या बाजारात ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. दर्शनी भागावर बारीक आडव्या रेघा मारलेला प्लॅस्टिकचा पत्रा असला तरी त्याला ‘ॲल्युमिनियम फिनिश’ म्हणतात, दर्शनी पट्टी खरी ॲल्युमिनियमची आणि बाकी सगळे पोलाद असले तरी खोक्यावर ॲल्युमिनियम हाच शब्द मोठ्या अक्षरांत असतो, आणि चारही बाजू ॲल्युमिनियमच्या पण आतला सांगाडा पोलादी, असा तिसरा प्रकारही भरपूर मिळतो. यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. फ्रिजवर लावायचे एक साधे लोहचुंबक पर्समध्ये टाकून नेले की काम होते. “मॅडम, पूरा एल्युमिनियम है, हाथ लगा के देखो,” असे दुकानदार म्हणत असताना चुंबक बाजूच्या पत्र्यावरून घसरून खाली आले, वरच्या पत्र्यावरूनही घसरले, पण मदरबोर्ड ज्या पाटावर बसतो तिथे टक् करून चिकटले. दुकानदार हसला आणि त्याने किंमत थोडी कमी केली. मला मात्र त्या पाटाचे पोलाद खटकले नाही. उलट ते का हवेसे वाटले, हे पुढे येईलच.

आधी वजनाचा हिशेब पाहू, कारण ॲल्युमिनियम हलके असते एवढ्यावर पुष्कळजण थांबतात. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, पोलादाची ७.८५, म्हणजे सारख्या जाडीचा पत्रा घेतला तर वजन जवळजवळ एक तृतीयांश. पण सारख्या जाडीचा पत्रा कोणी घेत नाही. ॲल्युमिनियमची ताठरताही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच असल्यामुळे पातळ ॲल्युमिनियम बोटाने दाबले तरी आत जाते, आणि म्हणून कारखानदार पोलादाचा पत्रा ०.६ ते ०.७ मिलिमीटरचा वापरत असतील तर ॲल्युमिनियमचा दीड मिलिमीटरचा वापरतात. आमच्या कॅबिनेटची एक बाजू ४० बाय ३८ सेंटिमीटरची आहे. दीड मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियममध्ये ती सव्वासहाशे ग्रॅमच्या आत बसते, तर ०.७ मिलिमीटरच्या पोलादात साडेआठशेच्या जरा खाली. दोन्ही बाजू, वरचा आणि पुढचा पत्रा धरून वाचते ते पाऊण किलोच्या आसपास, फार झाले तर एक किलो. आता त्याच बाजूला चार मिलिमीटरची काच बसवली तर ती एकटी दीड किलोची होते. म्हणजे ॲल्युमिनियमचे कॅबिनेट हलके म्हणून घ्यायचे आणि त्याची काचेची आवृत्ती निवडायची, यात एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने घालवण्यापलीकडे काही होत नाही. आम्ही दोन्ही बाजूंना भोकांचा पत्रा असलेली आवृत्ती घेतली. भाच्याला काच हवी होती, “मावशी, आतले कार्ड दिसायला नको का?” असे त्याने विचारूनही पाहिले, पण बसच्या डिकीत कार्ड कोणाला दिसणार होते?

दुसरी समजूत थंडाव्याची, आणि ती अधिक चिवट आहे. ॲल्युमिनियम उष्णतेचे चांगले वाहक आहे, साध्या पोलादाच्या चौपटीहून अधिक, हे खरे. पण म्हणून त्याचे कॅबिनेट संगणकाला थंड ठेवते हे खरे नाही. प्रोसेसरची उष्णता पत्र्यापर्यंत पोचते ती आतल्या हवेतून, आणि पत्र्यातून खोलीत जाते तीही बाहेरच्या हवेतूनच. मधल्या दीड मिलिमीटर धातूतून उष्णता किती लवकर आरपार जाते याला या व्यवहारात जवळजवळ काहीच महत्त्व नाही, कारण अडथळा दोन्हीकडच्या हवेचा आहे. आमच्या कॅबिनेटचे सगळे मिळून पृष्ठफळ सुमारे ०.६ चौरस मीटर भरते. आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांनी गरम धरली, तर एवढ्या पृष्ठभागातून ढोबळमानाने तीस वॅटच्या आसपास उष्णता बाहेर जाईल, मग पत्रा ॲल्युमिनियमचा असो की पोलादाचा. खेळ खेळताना संगणक ३०० वॅट ओढत असेल तर उरलेले २७० वॅट पंख्यांनीच बाहेर काढायचे असतात. ज्या कॅबिनेटांत प्रोसेसरवरून निघालेल्या तांब्याच्या उष्णतावाहक नळ्या थेट जाड ॲल्युमिनियमच्या भिंतीला जोडलेल्या असतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे भिंत हीच कूलरचे काम करते, पण ती कॅबिनेटे या किमतीत येत नाहीत. ॲपलने २००३ मध्ये पॉवर मॅक जी५ हा संगणक ॲल्युमिनियमच्या देखण्या पेटीत बाजारात आणला, आणि पुढे कित्येक वर्षे त्या जाळीदार दर्शनी भागाचे अनुकरण होत राहिले. त्या पेटीत ९ पंखे होते आणि आतली जागा चार स्वतंत्र कप्प्यांत विभागलेली होती. धातूच्या भरवशावर तेही राहिले नव्हते.

तेव्हा दुकानात पत्र्यापेक्षा भोके पाहावीत. ३०० वॅट उष्णता बाहेर काढताना आतली हवा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर ताशी सुमारे ९० घनमीटर हवा खेळती राहायला हवी. १२० मिलिमीटरच्या बऱ्यापैकी पंख्याच्या खोक्यावर साधारण एवढाच आकडा छापलेला असतो, पण तो मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी आणि धूळगाळणी आली की तो बराच खाली येतो, म्हणून पुढच्या बाजूने हवा आत घेणारे निदान दोन पंखे धरावेत. जाळीचा हिशेबही सोपा आहे. २ मिलिमीटर व्यासाची गोल भोके एकमेकांपासून (मध्यापासून मध्यापर्यंत) ३ मिलिमीटर अंतरावर, एकाआड एक ओळीत पाडलेली असतील तर पत्र्याचा जेमतेम ४० टक्के भाग मोकळा राहतो; ५ मिलिमीटरची भोके ६ मिलिमीटर अंतरावर असतील तर ६३ टक्के. दिसायला बारीक भोकांची जाळी अधिक नाजूक आणि महागडी वाटते, आणि स्वस्त ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटांत नेमकी तीच असते. आमच्या कॅबिनेटच्या बाजूंना मोठी भोके आहेत, पण पुढच्या पत्र्याला जाळी नाहीच. हवा पत्र्याच्या कडेने ठेवलेल्या बोटभर फटीतून वळून आत येते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कूलर नसलेल्या खोलीत हा दोष जाणवतो. पुढचा पत्रा काढून ठेवला की पंख्यांचा आवाज कानाला कळण्याइतका उतरतो, यावरून ती फट अपुरी आहे हे सिद्ध होते. रात्री माळव्याची हवा निवते तेव्हा प्रश्न राहत नाही, पण संगणक काही फक्त रात्रीच चालवायचा नसतो.

भोके मोठी म्हटली की धूळ आलीच. स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवणारे शहर म्हणून रस्ते झाडलेले असतात, पण उन्हाळ्यात काळ्या मातीची जी बारीक भुकटी खिडकीतून येते तिला क्रमांकाशी देणेघेणे नाही. इथे ॲल्युमिनियमची एक अडचण पुढे येते, जी कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते: बाजारात सहज मिळणाऱ्या धूळगाळण्यांच्या कडेला चुंबकीय पट्टी असते, ती पोलादी पत्र्याला नुसती टेकवली की बसते, आणि ॲल्युमिनियमला अजिबात बसत नाही. काही गाळण्यांसोबत चिकटवायची वेगळी चुंबकीय पट्टी येते, ती आधी पत्र्यावर चिकटवून त्यावर गाळणी बसवावी लागते. अशीच गाळणी मागून घ्यावी. आमच्या कॅबिनेटला एसएमपीएसखाली खाचेतून सरकणारी एक गाळणी सोबत मिळाली, बाजूंना मात्र काही नव्हते.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे अशी गोष्ट म्हणजे आटे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. संगणकात दोन प्रकारचे स्क्रू येतात. बारीक आट्याचे एम ३, ज्यांचे आटे अर्ध्या मिलिमीटर अंतरावर असतात, आणि जाड आट्याचे सहा-बत्तीस, ज्यांचे अंतर जवळजवळ ०.८ मिलिमीटर असते. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात सरळ आटे पाडले तर एम ३ स्क्रूला तीन आट्यांची पकड मिळते आणि सहा-बत्तीसला दोनही पुरे मिळत नाहीत. ॲल्युमिनियम मऊ, स्क्रू पोलादी. पाचसहा वेळा उघडझाप झाली की आटे मरतात. आमच्या कॅबिनेटचा मागचा पत्राही ॲल्युमिनियमचाच आहे आणि ग्राफिक्स कार्ड जिथे आवळायचे तिथे आटे थेट त्यातच पाडलेले आहेत. पहिल्यांदा कार्ड बसवून स्क्रू परत काढला तेव्हा त्याच्या टोकाशी करड्या रंगाचा, केसाएवढा बारीक, पिळदार कीस गुंडाळलेला होता. तो तसाच खाली पडून मदरबोर्डावर गेला असता तर काय झाले असते ते सांगायला नको. म्हणून असे काम करताना कॅबिनेट आडवे न ठेवता उभे ठेवावे, आणि शेवटी आतून ब्रश फिरवावा. स्क्रू लावताना तो आधी उलटा फिरवावा, आटा आट्यात पडल्याची हलकी टिचकी बोटाला जाणवली की मगच सुलटा फिरवावा, आणि शेवटचा पीळ मनगटाने न देता दोन बोटांनीच द्यावा. मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्या मात्र पोलादी पाटात बसवलेल्या आहेत आणि घट्ट आहेत. चुंबक चिकटले तेव्हा बरे वाटले ते याचसाठी. बाहेर ॲल्युमिनियम आणि आत पोलाद ही काटकसर असली तरी या किमतीत तीच शहाणी रचना आहे. संपूर्ण ॲल्युमिनियमचे हवे असेल तर आटे पडायच्या प्रत्येक जागी दाबून बसवलेले पोलादी नट आहेत ना, हे झाकण उघडून पाहावे, आणि नसतील तर ते कॅबिनेट परत फळीवर जाऊ द्यावे.

रंगाबद्दल थोडे. ॲल्युमिनियमवर जे चंदेरी किंवा काळे आवरण दिसते तो रंग नसतो, धातूच्याच पृष्ठभागाचे विजेच्या साहाय्याने ऑक्साइड केलेले असते. अ‍ॅनोडायझिंग म्हणतात ते हेच. ते रंगासारखे पोपडे धरून सुटत नाही, गंजाचा प्रश्न येत नाही, पण खोल ओरखडा पडला तर तो बुजवताही येत नाही, आणि पोचा पडला तर ठोकून सरळ करण्याच्या नादाला लागू नये. आमच्या कॅबिनेटचा वरचा पत्रा आणि पुढचा पत्रा यांच्या चंदेरी रंगात किंचित फरक आहे. ट्यूबलाइटखाली दिसत नाही, खिडकीजवळ दिसतो. कडा मात्र आतून नीट घासलेल्या नाहीत आणि केबल ओढताना बोट कापू शकते.

याच आवरणाचा दुसरा परिणाम विजेशी संबंधित आहे. ते आवरण वीज वाहू देत नाही. वीज वाहते का हे आवाज करून सांगणाऱ्या मल्टिमीटरची एक टोचणी एसएमपीएसच्या उघड्या धातूला आणि दुसरी बाजूच्या पत्र्याला लावली तर मीटर गप्प राहतो. पत्रा ज्या स्क्रूने आवळला त्याच्या खालची जागा आतल्या बाजूने पॉलिश पेपरने घासली आणि पुन्हा लावले की मीटर बोलू लागतो. घरात अर्थिंग असेल तर असे केल्याने पत्राही अर्थिंगला जोडला जातो. पण जुन्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. अशा ठिकाणी एसएमपीएसच्या आतल्या, विजेतला गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटरांमुळे कॅबिनेटच्या धातूवर अतिशय क्षीण प्रवाहाची वीज येते आणि हात लावला की मुंग्या आल्यासारखे वाटते. पोलादी कॅबिनेटातही हे होते, पण जाड रंगामुळे लक्षात कमी येते. अर्थिंग नसेल तर आधी वीजतंत्र्याला बोलावून ते करून घ्यावे. कॅबिनेट बदलून त्यावर उपाय होत नाही.

आवाजाची तक्रार एकच. फिरती हार्ड डिस्क बसवली तर हलका पत्रा तिच्यासोबत घुमतो, आणि सोबत आलेले रबरी वायसर इतके पातळ आहेत की त्यांचा उपयोग नाही. नुसती एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, असेल तर हा परिच्छेद वगळावा.

मापे घेताना खोक्यावरच्या आकड्यांवर विसंबू नये. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटरचा आणि नेहमीचा एसएमपीएस १५० बाय ८६ मिलिमीटरचा, ही मापे ठरलेली आहेत. प्रश्न येतो तो कूलरच्या उंचीचा आणि कार्डाच्या लांबीचा. उभे कूलर सर्रास १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात. आमच्या कॅबिनेटात १५५ चा बसला आणि पत्रा लागताना मध्ये वर्तमानपत्राची घडी मावेल एवढीच जागा उरली.

स्थानिक कारागिराकडून करून घेण्याचाही विचार केला होता. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात पत्रा लेझरने कापून मिळतो, पण एकच नग करायचा म्हटला की आराखडा, कापणी, वाकवणी आणि अ‍ॅनोडायझिंग मिळून खर्च तयार कॅबिनेटच्या पुढे जातो. शिवाय वाकवायला ५०५२ जातीचा पत्रा चांगला, तर सहज मिळणारा ६०६१ टी-६ काटकोनात वाकवताना चिरतो, या गोष्टी सांगूनही हातात काय पडेल याची खात्री नसते. जुने कॅबिनेट हा पर्याय त्यापेक्षा बरा. तैवानची लियन ली ही १९८३ मध्ये सुरू झालेली कंपनी एके काळी ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटांसाठीच ओळखली जाई, आणि एटीएक्सची, म्हणजे मदरबोर्डाच्या प्रमाण आकाराची, मापे १९९५ पासून तीच असल्यामुळे जुन्या पेटीत नवा बोर्ड आजही बसतो. फक्त पंख्यांच्या जागा ८० मिलिमीटरच्या असतील आणि पुढचा निम्मा भाग सीडी ड्राइव्हच्या कप्प्यांनी अडवला असेल, तर आजच्या कार्डांसाठी ती पेटी निरुपयोगी समजावी.

आता किंमत. जीएसटी धरून साडेसात हजारांच्या आसपास पडले, आणि त्यात एकही पंखा नव्हता. दोन पंखे आणि गाळण्या धरल्या की नऊ हजार. याच्या निम्म्याहून कमी पैशांत पुढे मोठ्या भोकांची जाळी आणि आत तीन पंखे असलेले पोलादी कॅबिनेट त्याच दुकानात मिळत होते, आणि संगणक एका जागी टेबलाखाली राहणार असेल तर मी कोणालाही तेच घ्यायला सांगेन. बाहेरून मागवले तर स्वस्त पडेल असेही नाही, कारण कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि येईल त्या वजनाचे पैसे लावतात. ४५ बाय २५ बाय ४५ चे खोके आत काहीही असले तरी दहा किलोचे धरले जाते. ज्यांना संगणक उचलून नेण्याची गरज आहे, किंवा जे तो चारचौघांत ठेवणार आहेत आणि त्या दिसण्यासाठी जादा पैसे मोजायला राजी आहेत, त्यांनी काच नसलेली, आतून पोलादी पाटाची, दोन्ही बाजूंना मोठ्या भोकांची आवृत्ती घ्यावी. पुढचा पत्रा बंद असेल तर भाव पाडून मागावा.

सुटे भाग मिळण्याची आशा धरू नये. पुढच्या यूएसबीची केबल किंवा चालू करण्याचे बटण बिघडले तर दुकानदार नवे कॅबिनेट दाखवतो, भाग देत नाही, म्हणून घेतानाच दोन्ही तपासून घ्यावेत आणि सोबतच्या स्क्रूंची पुडी मोजून घ्यावी. मूळ खोके आणि त्यातले थर्माकोल टाकू नये. बसने नेताना ग्राफिक्स कार्ड आणि उभा कूलर काढून वेगळे बांधावेत, कारण या कॅबिनेटचा मागचा ॲल्युमिनियमचा पत्रा कार्डाचे वजन घरात पेलतो, पण डिकीतल्या रात्रभराच्या हिसक्यांत पेलेल असे त्याच्या आट्यांकडे पाहून वाटत नाही.